विद्वानांचा आकडा आणि तलाठ्याची वही

भंडारा जिल्ह्याच्या तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या डोंगररांगेत आंबागडचा किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद याच्या वतीने शिवनीचा कारभार पाहणारा राजाखान पठाण याने तो इ. स. १७०० च्या सुमारास बांधला. पुढे हा मुलूख नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यात गेला व किल्ल्याचा उपयोग तुरुंग म्हणून होऊ लागला. आंबागडचे नाव निघाले, की पाठोपाठ या तुरुंगाची एक कथा हटकून निघते. गडाच्या आतील विहिरीचे पाणी विषारी होते, ते कैद्यांना बळेच पाजीत आणि कैदी मरत, अशी ती कथा आहे. कोणी शंका घेतलीच, तर 'गॅझेटिअरमध्ये आहे' एवढे उत्तर पुरेसे मानले जाते.

गॅझेटिअरमध्ये ती आहे हे खरे. पण इंग्रजी अमदानीतील त्या लेखकाने दोन गोष्टी सांभाळल्या होत्या. विहिरीतील पाणी साचलेले होते, असे त्याने लिहिले. आणि साऱ्या हकिगतीला 'असे म्हणतात' हे शब्द जोडले. साचलेल्या पाण्याने बंदिवान दगावणे आणि राज्यकर्त्यांनी ठरवून त्यांना विष पाजणे यांत केवढे अंतर आहे हे सांगावयास नको. (आपल्या आधीच्या राजवटीच्या क्रौर्याच्या कथा नोंदवून ठेवण्यात इंग्रजांना अडचण वाटण्याचे कारण नव्हते, हेही येथे ध्यानात घेतलेले बरे.) ते दोन शब्द वाटेत कोठेतरी गळाले आणि दंतकथेचा इतिहास झाला.

किल्ल्याच्या विहिरीबाबत असे घडले तर आज कोणाचे फारसे बिघडत नाही. परंतु चालू काळातील प्रश्नांबाबत हेच घडते तेव्हा त्याची किंमत पुष्कळांना मोजावी लागते. अभ्यासक आपला विषय घेऊन सार्वजनिक वादात उतरतो, तेव्हा त्याच्या निष्कर्षाबरोबर अटी व मर्यादाही असतात. वाद रंगात आला की त्या मागे पडतात. उरतो तो नुसता आकडा. आणि तो ज्याच्या हाती लागेल त्याचा होतो. विद्वानांनी चालू घडामोडींवर बोलावे की नाही, असा प्रश्न अधूनमधून विचारला जातो. बोलावेच, याविषयी दुमत होऊ नये. त्यांचे बोलणे खालपर्यंत कोणत्या स्थितीत पोहोचते, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि भंडारा जिल्ह्याने त्याची दोन मोठी उदाहरणे पाहिली आहेत.

पहिले उदाहरण १९५४ सालच्या मे महिन्यातील. भंडारा हा तेव्हा मध्य प्रदेशातील जिल्हा होता, व लोकसभेचा भंडारा मतदारसंघ दोन जागांचा होता. एक सर्वसाधारण व एक राखीव. तेथील पोटनिवडणुकीत राखीव जागेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे होते. अर्थशास्त्राच्या अभ्यासातून सार्वजनिक प्रश्नाकडे येण्याची त्यांची रीत तोवर जुनी झाली होती. भारतातील लहान शेतजमिनींवरचा त्यांचा निबंध १९१८ चा. शेत लहान की मोठे हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर राबणारे भांडवल व अवजारे किती यावर ठरते. तेव्हा जमिनीवरील माणसांचा भार उद्योगांकडे वळविल्यावाचून तुकडे जोडून काही साधणार नाही, हा त्या निबंधाचा गाभा. १९२७ साली लहान शेतांविषयीचे विधेयक मुंबईच्या विधिमंडळात आले, तेव्हा त्याला विरोध करताना हा अभ्यास त्यांच्या पाठीशी होता. रुपयाच्या प्रश्नावरील त्यांचा ग्रंथ १९२३ साली प्रसिद्ध झाला आणि १९२५ साली त्यांनी चलनविषयक हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली. ग्रंथालयातून सभागृहात व सभागृहातून मैदानात असा हा प्रवास होता.

भंडाऱ्यात ते हरले. काँग्रेसचे भाऊराव बोरकर सुमारे आठ हजार मतांनी निवडून आले. या पराभवावरून विद्वत्तेला मतपेटीत जागा नसते असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो आवरला पाहिजे. त्याच मतदारसंघातील सर्वसाधारण जागेवर अशोक मेहता विजयी झाले, आणि तेही ग्रंथकारच होते. पुढे ते नियोजन मंडळाचे उपाध्यक्ष झाले, व पंचायत राज्याच्या फेरविचारासाठी १९७७ साली नेमलेली समिती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. निवडणुकीचा निकाल पक्षाच्या बळावर, जातींच्या गणितावर व तत्कालीन लाटेवर ठरतो. विद्वत्तेची परीक्षा दुसरीकडे होते.

ती परीक्षा लगेच पुढच्या वर्षी झाली. राज्य पुनर्रचना आयोगाने सप्टेंबर १९५५ मध्ये अहवाल दिला व मध्य प्रदेशातील मराठी जिल्ह्यांचे, म्हणजे भंडाऱ्यासह विदर्भाचे, वेगळे राज्य व्हावे अशी शिफारस केली. त्या आयोगात फाजल अली व हृदयनाथ कुंझरू यांच्याबरोबर सरदार पणिक्कर हे इतिहासकार होते, ही गोष्ट आता फारशी कोणाला आठवत नाही. अहवालानंतर डिसेंबरमध्ये डॉ. आंबेडकरांनी भाषावार राज्यांविषयीचे आपले विचार पुस्तकरूपाने मांडले. एका भाषेचे एकच राज्य असले पाहिजे हा आग्रह त्यांनी नाकारला व मराठी भाषकांची चार राज्ये सुचविली: मुंबई शहर, पश्चिम, मध्य आणि पूर्व महाराष्ट्र. १९४८ साली दार आयोगापुढील निवेदनात त्यांनीच अखंड महाराष्ट्राची बाजू घेतली होती. टीकाकार नेमके येथेच बोट ठेवणार हे ओळखून त्यांनी प्रस्तावनेतच मतबदलाच्या आरोपाला उत्तर दिले, आणि लोकसंख्या व क्षेत्रफळ यांची कोष्टके पुस्तकास जोडून वाचकाला पडताळणीची सोय करून दिली.

ही रीत पुढच्या वादांत कितीशी पाळली गेली? विदर्भवादी व्यासपीठावर १९५५ च्या पुस्तकातील पूर्व महाराष्ट्र उद्धृत होतो, संयुक्त महाराष्ट्राच्या व्यासपीठावर १९४८ चे निवेदन. दोन्हीकडे लेखक तोच असतो. मत का बदलले ते मात्र दोन्हीकडे वगळलेले असते. वास्तविक ते कारण हाच या लिखाणातील सर्वांत उपयोगी भाग होता.

दुसरे उदाहरण अधिक तपशिलाने पाहण्याजोगे आहे. वि. म. दांडेकर हे मूळचे संख्याशास्त्रज्ञ. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेची स्थापना १९३० साली धनंजयराव गाडगीळांनी केली. नागपुरात शिकलेले, प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे अध्यक्षपद सांभाळणारे गाडगीळ हे स्वतः या लेखाचा विषय होऊ शकतील. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा दांडेकरांकडे आली. १९७१ साली दांडेकर व नीलकंठ रथ यांचा भारतातील दारिद्र्यावरील अभ्यास प्रसिद्ध झाला. माणशी रोज २,२५० कॅलरी देणारा आहार मिळण्यास किती खर्च लागतो हा प्रश्न त्यांनी घेतला, व १९६०-६१ च्या किमतींनुसार खेड्यात वर्षाला १८० रुपये व शहरात २७० रुपये अशी रेषा आखली. 'गरिबी हटाव'च्या घोषणा देशभर दुमदुमत होत्या, त्याच वर्षी गरीब म्हणजे कोण याचे मोजमाप या दोघांनी लोकांपुढे ठेवले. ते सर्वांना पटले असे नाही. पण ज्यांना पटले नाही त्यांनाही आपली वेगळी रेषा कोठे आणि का, हे सांगणे भाग पडले.

हेच दांडेकर जुलै १९८३ मध्ये महाराष्ट्रातील प्रादेशिक असमतोल शोधण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्ष झाले. विदर्भावर अन्याय होतो ही तक्रार १९५३ च्या नागपूर कराराइतकी जुनी होती, आणि ती खोटी आहे हे उत्तरही तितकेच जुने होते. तीस वर्षे दोन्ही बाजू भाषणे करीत होत्या. समितीने १९८४ साली जे केले ते वरवर पाहता कारकुनी काम होते. रस्ते, सिंचन, ग्रामीण विद्युतीकरण, शिक्षण, आरोग्य, पाणीपुरवठा अशा बाबी घ्यावयाच्या. प्रत्येक बाबीत राज्याची सरासरी काढावयाची. जो जिल्हा सरासरीच्या खाली असेल त्याची तूट मोजावयाची. आणि ती तूट भरून काढण्यास किती रुपये लागतील ते लिहावयाचे. समजा, एखाद्या बाबीत राज्याची सरासरी ३० आहे व जिल्हा २० वर आहे, तर १० ही त्याची तूट. दुसऱ्या बाबीत तोच जिल्हा ४० वर असला तरी ती पुढारी पहिल्या तुटीतून वजा करावयाची नाही, कारण जास्त शाळांनी कमी पाण्याची भरपाई होत नसते. या तुटीला समितीने 'अनुशेष' म्हटले, आणि वर्षा-दोन वर्षांत हा जड संस्कृत शब्द तहसील कचेरीपासून पानठेल्यापर्यंत सर्वांच्या तोंडी झाला. मराठी राजकारणात एखाद्या अहवालातील शब्दाचे असे भाग्य क्वचितच उजळते.

समितीच्या हिशेबाने राज्याचा एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भ सुमारे १,२४७ कोटी, मराठवाडा ७५१ कोटी व उर्वरित महाराष्ट्र १,१८९ कोटी. म्हणजे विदर्भाचा वाटा ३९ टक्के. नागपूरच्या सभांतून हा ३९ चा आकडा गर्जत राहिला, आणि तो गर्जावयास हवाच होता. तीस वर्षांची तक्रार प्रथमच रुपयांत सिद्ध झाली होती. पण त्याच तक्त्यातील तिसऱ्या ओळीकडे तेथे कोणी फारसे पाहिले नाही. उर्वरित महाराष्ट्र, ज्याला सरसकट समृद्ध मानले जाते, त्याच्या खात्यावरही ३७ टक्के तूट होती, कारण त्यात दुष्काळी व डोंगराळ जिल्हेही मोडतात. उलट मुंबईत तिसरी ओळ पुढे करून पहिली ओळ झाकण्याचा प्रयत्न झाला. दांडेकरांनी जिल्हा हा घटक धरला होता. वाद करणाऱ्यांनी तो पुन्हा प्रदेश करून टाकला.

शासनाने अहवाल औपचारिकरीत्या स्वीकारला नाही. पण त्याचे आकडे मात्र तरतुदी करताना आधारास घेतले. १९९४ साली वैधानिक विकास मंडळे आली. त्यानंतर निर्देशांक व अनुशेष समितीने १९९४ च्या स्थितीवर नवा हिशेब केला, तेव्हा एकूण अनुशेष सुमारे १४,००७ कोटी व त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ६,६२४ कोटी, म्हणजे ४७ टक्क्यांच्या आसपास निघाला. यावरून 'दहा वर्षांत मागासलेपण चौपटीहून अधिक वाढले' असे वाक्य तयार झाले व ते वर्षानुवर्षे लिहिले गेले. ते तसे लिहिता येत नाही. मधल्या दहा वर्षांत किमती चढल्या होत्या, राज्याची सरासरीही पुढे सरकली होती. ३,१८७ आणि १४,००७ हे दोन आकडे एकाच फुटपट्टीवरचे नाहीत. विदर्भाचा वाटा ३९ वरून ४७ टक्क्यांवर गेला, ही तुलना अधिक सावध आहे आणि अधिक गंभीरही. ती कमी वापरली जाते, कारण चौपट हा शब्द सभेत चांगला वाजतो.

२०११ मध्ये नेमलेल्या विजय केळकर यांच्या समितीने २०१३ मध्ये अहवाल दिला व वाटपाचे वेगळे सूत्र मांडले. विदर्भातून त्याच्यावर कठोर टीका झाली. विकास मंडळांची मुदत ३० एप्रिल २०२० रोजी संपली. तीन दशकांच्या या कथेत विद्वानांच्या तीन समित्या झाल्या; पण सामान्य पदवीधराला त्यांतील एकीचीही पद्धत दोन वाक्यांत सांगता येणार नाही.

आता पुन्हा आंबागडच्या मुलखाकडे येऊ. हा धानाचा प्रदेश. भंडारा तलावांचा जिल्हा म्हणून प्रसिद्ध आहे. जुन्या मालगुजारांच्या काळातील तलाव व बोड्या गावोगाव आहेत, आणि ते बांधण्यात कोहळी समाजाचे कसब वाखाणले जाते. १९५१ साली मालगुजारी संपली व तलाव सरकारजमा झाले. पूर्वी गावाच्या देखरेखीखाली होणारे गाळ काढण्याचे व पाळ दुरुस्त करण्याचे काम त्यानंतर खात्याच्या अंदाजपत्रकावर अवलंबून राहिले. मोठ्या प्रकल्पांची गती सर्वांना ठाऊक आहे. तुमसर तालुक्यातील बावनथडी हा महाराष्ट्र व मध्य प्रदेश यांचा संयुक्त प्रकल्प कित्येक दशके रेंगाळला. पवनी तालुक्यात गोसीखुर्दची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ रोजी झाली, तेव्हा त्याचा खर्च ३७२ कोटी रुपये धरला होता, आणि २००९ साली तो राष्ट्रीय प्रकल्प ठरला तरी अपुराच होता.

या मुलखात 'सिंचित क्षेत्र' या रकान्याचा अर्थ काय? दांडेकर समितीने येथे अभ्यासकाला शोभेल अशी काळजी घेतली होती. पिकापिकाला लागणारे पाणी वेगळे असल्यामुळे तिने सिंचन रब्बीच्या समतुल्य क्षेत्रात मोजले. तथापि कागदावर तलावाखालचे म्हणून नोंदलेल्या बांधीला रोवणीपुरते पाणी मिळाले, की धान गर्भात असतानाचे शेवटचे पाणीही मिळाले, हे कोणत्याही समतुल्यात दिसत नाही. गाळाने अर्धा भरलेला तलाव वहीत पूर्ण तलावच असतो. जेथे जुने तलाव अधिक, तेथे सिंचनाची टक्केवारी चांगली दिसते व तूट कमी दिसते. तेव्हा पूर्वजांनी केलेले काम जिल्ह्याच्या हक्काच्या आड येऊ शकते, असा हा विचित्र न्याय आहे. पुण्यातील अर्थशास्त्रज्ञाला हे ठाऊक असण्याचे कारण नाही. ते ठाऊक असते तलाठ्याला, पाटकऱ्याला, गावच्या शिक्षकाला.

सिंचनाच्या आकड्यांवरून २०१२ साली राज्यात जे वादळ उठले त्याचे मूळही येथेच होते. एका दशकात सिंचित क्षेत्राची टक्केवारी केवळ ०.१ ने वाढली, असा निष्कर्ष आर्थिक पाहणीच्या आधारे पुढे आला व हजारो कोटींचे काय झाले हा प्रश्न विचारला गेला. प्रश्न रास्त होता. परंतु कृषी खाते पिकाखाली भिजलेली जमीन मोजते व जलसंपदा खाते निर्माण केलेली क्षमता मोजते. दोघांची कोष्टके एकमेकांशी जुळत नाहीत. चौकशीसाठी जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली पथक नेमावे लागले. क्षमता म्हणजे काय, भिजणे म्हणजे काय, विहिरीचे पाणी कोणाच्या खात्यात, एवढे तीन प्रश्न वादाच्या पहिल्या आठवड्यात कोणी लोकांना सोप्या मराठीत समजावून दिले असते, तर भ्रष्टाचाराचा भाग व व्याख्येचा भाग वेगळे करता आले असते. ते न झाल्यामुळे दोषी व्यक्तींना व्याख्येच्या आडोशाला उभे राहता आले.

यात अभ्यासकांचा दोष आहेच. दांडेकर-रथ यांचा प्रबंध प्रथम इंग्रजी साप्ताहिकात आला. समित्यांचे अहवाल शेकडो पानांचे, आणि जिल्ह्याच्या ग्रंथालयात ते मिळतीलच असे नाही. विद्यापीठात नियतकालिकातील लेखाला जो मान आहे तो दैनिकातील लेखाला नाही. पदोन्नतीच्या हिशेबात तर तो शून्यच. त्यामुळे पुष्कळ प्राध्यापक गप्प बसतात, आणि जे बोलतात त्यांतील काही जण आपला विषय सोडून सर्व विषयांवर बोलतात. अर्थशास्त्राचा अधिकार घेऊन इतिहासावर निवाडा देणारा विद्वान हा अटी गाळणाऱ्या वक्त्याइतकाच घातक असतो. आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते हे सांगणे ही विद्वानाची पहिली जबाबदारी, व ती वाचकाच्या भाषेत सांगणे ही दुसरी.

मात्र सारा भार त्यांच्यावर टाकून वाचकाला मोकळे होता येणार नाही, निदान हे पान वाचणाऱ्या शिक्षकांना व लिपिकांना तरी नाहीच. राज्याची सरासरी म्हणजे हजारो वह्यांची बेरीज. पीकपाहणी (२०२१ पर्यंत) तलाठ्याची, पटसंख्या मुख्याध्यापकाची, बाह्यरुग्णांची नोंद आरोग्य केंद्रातील कारकुनाची. आणि जनगणनेचे प्रगणक बहुतांशी प्राथमिक शिक्षक. मागच्या वर्षीचा आकडा पाच-दहाने वाढवून रकाना भरण्याची जी सवय कचेऱ्यांतून सर्रास आढळते, ती पुण्या-मुंबईच्या कोणत्याही समितीला दुरुस्त करता येत नाही. तलाठ्याने पीकपाहणी शेतावर जाऊन केली की चावडीवर बसून, यावर दांडेकरांचे गणित उभे राहत होते किंवा कोसळत होते. तलाव गाळाने भरला असल्यास शेरा लिहिण्यासाठी वहीत जागा असते; ती बहुधा कोरी असते.

२०२१ साली व्हावयाची जनगणना त्या वर्षी झाली नाही. पुढील जनगणनेसाठी १ मार्च २०२७ ही संदर्भतिथी ठरवणारी अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. तोपर्यंत विदर्भाच्या मागासलेपणावर जे लेख लिहिले गेले, ज्या मागण्या झाल्या व ज्या नाकारल्या गेल्या, त्यांत दरडोई म्हणून जे काही होते ते २०११ च्या शिरगणतीवर किंवा तिच्यावरून केलेल्या अंदाजावर टेकलेले होते. त्या साली शाळेत नाव घातलेली आंबागड परिसरातील मुले मधल्या काळात मतदारही झाली. नव्या गणनेसाठी त्यांच्या दाराशी जे शिक्षक जातील, त्यांच्या एकेका नोंदीवरून पुढच्या एखाद्या समितीची सरासरी निघणार आहे.